झोडपणे, जिरवणे आणि मेमो देणे

इंग्रजीतला थ्रॅश हा शब्द खळ्यावरचा आहे. धान्य मळण्याला इंग्रजीत थ्रेश म्हणतात; त्याच शब्दाचा उच्चार जरासा बदलला आणि तो माणसाला बदडण्यासाठी वापरात आला. पाटण-जावळीकडे भाताच्या पेंढ्या आपटून दाणे काढतात त्याला झोडणी म्हणतात, आणि माणसाला काठीने बेदम मारले की त्याला झोडपले म्हणतात. इंग्लंडातल्या आणि कोयनाकाठच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच कामावरून एकच शब्द काढला. माणसाला नमवण्याची, वठणीवर आणण्याची भाषा आधी हातातल्या कामातून तयार होते; कायद्याची पुस्तके फार नंतर येतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली बोली अजून त्या कामांच्या जवळ आहे. तिच्या शेजारी कचेरी, शाळा आणि फौज यांतून आलेले इंग्रजी शब्दही रुळले आहेत. ते शेजारी ठेवून पाहिले की इंग्रजी शब्दांच्या पोटातला अर्थ सहज उलगडतो.

करेक्ट हा शब्द घ्या. आज तो बरोबर-चूक एवढ्यापुरता उरला आहे. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सरळ करणे. रेघ मारायची रूलपट्टी, रेग्युलर हे शब्दही त्याच कुळातले. गावाकडे एखाद्या उनाड पोराबद्दल म्हणतात, 'मामाकडं ठेवला आणि सुतासारखा सरळ झाला.' हे सूत सुताराचे. लाकडावर रंगीत सूत ताणून सोडले की सरळ रेघ उमटते आणि तिच्या बाहेरचे लाकूड तासले जाते. पोर म्हणजे वाकडे लाकूड आणि मामा म्हणजे सुतार, हे वाक्यात कुणी सांगत नाही; सांगावे लागत नाही. तासणे, तासडणे हे बोलीतले रागवण्याचे शब्दही याच सुतारकामातून उडालेल्या ढलप्या.

हंबल आणि ह्युमिलिएट या शब्दांच्या तळाशी लॅटिनमधला ह्यूमस, म्हणजे माती आहे. हंबल म्हणजे मातीच्या पातळीवरचा. ह्युमिलिएट म्हणजे कुणाला तरी त्या पातळीवर आणणे. कुंडलच्या किंवा सांगलीच्या कुस्ती मैदानात बसलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती शिकवावी लागणार नाही. तिथे हरवणे म्हणजे लोळवणे, धूळ चारणे, पाठ लावणे. चितपट झालेल्या पैलवानाच्या बाजूने बोलायचे तर त्याला अस्मान दाखवले. पाठ मातीला लागली की डोळ्यांपुढे आकाशच येणार, त्यामुळे हा शब्दप्रयोग जितका टोमण्याचा तितकाच वस्तुस्थितीचा आहे. इंग्रजीत हरलेला माणूस धूळ चावतो, आपलेच शब्द खातो आणि हंबल पाय नावाचा पदार्थ खातो. या शेवटच्या पदार्थामागे एक गंमत आहे. हरणाचे काळीज, आतडी वगैरे ऐवजाला जुन्या इंग्रजीत अम्बल्स म्हणत आणि त्यांचे सारण घातलेल्या पदार्थाला अम्बल पाय. अम्बल आणि हंबल यांच्या उच्चारसाम्यावर कोटी होऊन एकोणिसाव्या शतकात माफी मागणारा माणूस हंबल पाय खाऊ लागला. मराठीत हरलेल्याला धूळ चारतात आणि अपमान तो स्वतः गिळतो. माती खाणे मात्र वेगळे. ती माणूस आपल्याच हाताने खातो.

नमवण्यासाठी या भागात सर्वांत जास्त चालणारे क्रियापद जिरवणे हे आहे, आणि त्याला इंग्रजीत नेमका जोडीदार नाही. 'लई मस्ती आली हुती, जिरवली' या वाक्यात काय जिरवले हे मोघमच ठेवलेले असते. रग, मस्ती, खुमखुमी, पैशाचा माज, यातले काहीही असू शकते. जिरणे म्हणजे मुरणे. खाल्लेले अन्न पोटात जिरते, पाऊस जमिनीत जिरतो. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांना पाऊस जेमतेम. तिथे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही सरकारी घोषणा शाळेच्या भिंतींवर रंगवलेली असते. 2016 साली झालेल्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवणारे कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव पाणी जिरवूनच नावारूपाला आले. तेच क्रियापद साखर कारखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उलट बाजूने येते आणि निकालाच्या संध्याकाळी 'कुणी कुणाची जिरवली' याची चर्चा रंगते. इंग्रजीत गर्विष्ठाला एक खुंटी खाली आणतात, त्याच्या फुग्यातली हवा काढतात. मराठीत त्याचा गर्व बाहेर पडतच नाही. त्याच्याच आत मुरतो. पाणउताऱ्याचेही तसेच. तलवारीचे किंवा मोत्याचे पाणी म्हणजे तेज. ते उतरले की वस्तू तीच राहते, किंमत जाते.

आवर घालण्यासाठी इंग्रजी घोड्याकडे पाहते, मराठी बैलाकडे. कर्ब म्हणजे घोड्याच्या हनुवटीखालची साखळी, ब्रायडल म्हणजे त्याची मुखबांधणी. मराठीत लगाम आहेच, पण तो स्वाराचा शब्द. शेतकऱ्याचा शब्द वेसण. नाकातून ओवलेली दोरी ओढली की दांडगा खोंडही मान खाली घालतो.

आता काठी. पनिश, पेनल्टी आणि दुखणे या अर्थाचा पेन हे तिन्ही शब्द लॅटिनमधल्या पीना या शब्दाचे वंशज आहेत, आणि तो ग्रीकमधून आला. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ खुनाबद्दल मृताच्या नातलगांना द्यायची भरपाई असा होता. म्हणजे आधी पैसा होता, वेदना मागाहून आली. मराठीतल्या दंडाचा प्रवास याच्या उलटा आहे. दंड म्हणजे आधी काठी, मग काठीने दिलेली शिक्षा, मग शिक्षेऐवजी भरलेला पैसा. फाइन हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या शेवट या अर्थाच्या शब्दावरून आला. पैसे भरले की प्रकरण संपले. एसटीत विनातिकीट सापडलेला प्रवासी 'फाइन भरला' म्हणतो तेव्हा नकळत तेच म्हणतो. तालमीतला दंड मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे पोर उशिरा आले की वस्ताद त्याला शंभर दंड मारायला लावतात. शिक्षेचे नाव आणि व्यायामाचे नाव एकच, आणि शिक्षा भोगून अंगात ताकद वाढते. इंग्रजांनी 1860 साली केलेला आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झालेला फौजदारी कायदा मराठीत भारतीय दंड संहिता म्हणून ओळखला गेला. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नावातून काठी गेली, कलमांत शिक्षा राहिल्या. समाजसेवेची एक नवी शिक्षा तेवढी वाढली.

काठीचा विषय निघाला की साताऱ्यात पत्री सरकारशिवाय पुढे जाता येत नाही. जगाच्या पाठीवर एखाद्या सरकारला लोकांनी त्याच्या शिक्षेवरून नाव दिल्याची उदाहरणे फार नसतील. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक आली, तेव्हा आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 मध्ये. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि 1943 पासून 1946 पर्यंत कृष्णा, वारणा, येरळेच्या खोऱ्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर ही त्यातली ठळक नावे. तुफान सेना होती, गावोगाव न्यायदान मंडळे होती. शेतीच्या बांधाचे तंटे, सावकारी, टाकलेल्या बायकांच्या तक्रारी, दारू, दरोडे, सगळे तिथे येई. कोर्टाची तारीख, वकिलाची फी आणि तालुक्याची खेप वाचत असल्याने लोक आपणहून येत.

प्रति आणि पत्री यांत अक्षरांची अदलाबदल एवढाच फरक, पण ती अदलाबदल नुसत्या उच्चाराच्या सोयीने झालेली नाही. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायची लोखंडी पट्टी. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका खुराला दोन पट्ट्या लागतात. पत्री मारायची तर बैलाला दोरीने पाडून, चारी पाय एकत्र बांधून, आडवे धरावे लागते. ऊस वाहणाऱ्या बैलांच्या गावात हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचे. खबऱ्याला, गुंडाला किंवा दरोडेखोराला धरून प्रतिसरकारचे कार्यकर्ते गावाबाहेर नेत. त्याच्या घोट्यांमध्ये काठी अडकवून पाय बांधत, ते वर धरत आणि तळव्यांवर काठ्या मारत. आडवा पडलेला, पाय बांधलेला माणूस पाहून कुणाला पत्री मारायला पाडलेला बैल आठवणारच. माणसांच्या पायांना खरोखर खिळे ठोकले जातात अशी अफवा दूरवर पसरली आणि आजही सांगितली जाते. त्या काळातल्या कार्यकर्त्यांनी नंतर अनेकदा स्पष्ट केले की मार तळव्यांवर काठीचाच असे. अफवेने मात्र प्रतिसरकारचे काम सोपे केले, हेही खरे.

या शिक्षेला इंग्रजीत बॅस्टिनॅडो असे नाव आहे. ते स्पॅनिशमधून आले आणि त्याच्या पोटातही काठीच आहे; तुर्की आणि अरबी मुलखात हीच शिक्षा फलका नावाने चाले. शरीराचा हा एकच भाग निवडण्यात क्रूर म्हणावा असा विचार होता. अंगावर जखम दिसत नाही, हाड सहसा मोडत नाही, पण कित्येक दिवस नीट चालता येत नाही. ज्याचा गुन्हाच मुळी रात्री चालत पोलीस ठाण्यात जाऊन बातमी देण्याचा, त्याचे चालणे बंद करायचे. शिवाय तो लंगडताना दिसला की सगळ्या गावाला निकाल कळतो. शिक्षा आणि पाणउतारा या दोन्हींची सोय एका काठीत झाली. दंड, सामाजिक बहिष्कार आणि गंभीर प्रकरणांत त्याहून कठोर शिक्षाही प्रतिसरकारने दिल्या. भूमिगतांनी प्रकट व्हावे असे गांधीजींनी 1944 मध्ये सांगितले, तेव्हा साताऱ्यातले बहुतेक कार्यकर्ते प्रकट झाले नाहीत. हिंसा-अहिंसेचा वाद तिथे पुस्तकी नव्हता. नेत्यांना अभिमान होता तो प्रति या उपसर्गाचा, इंग्रजांच्या सरकारासमोर उभे केलेले दुसरे सरकार म्हणून. लोकांनी लक्षात ठेवली ती पत्री. राज्यशास्त्रातल्या शब्दापुढे गोठ्यातला शब्द जिंकला.

शिक्षा हा शब्द स्वतः काठीच्या आधीचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे. वेदांगांतली शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. हिंदीत तो शिक्षण याच अर्थाने राहिला, त्यामुळे हिंदीतल्या 'शिक्षा मंत्री' या पदावर मराठी शाळकरी मुले पिढ्यान्‌पिढ्या हसत आली आहेत. मराठीत शिकवण्याचे आणि मारण्याचे काम एकाच पंतोजीकडे होते, त्याचाच हा ठसा असावा. इंग्रजीतही तेच घडले. डिसिप्लिन हा शब्द शिष्य या अर्थाच्या डिसायपलचा सख्खा भाऊ. आधी विद्या, मग वळण, मग छडी. मराठीने डिसिप्लिनसाठी घेतलेला शिस्त हा शब्द फारसीतला, आणि त्याचा जुना अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरायची म्हणजे नेम धरायचा. पहिली सैनिकी शाळा 23 जून 1961 रोजी साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा या शब्दाला त्याचे मूळ घर पुन्हा मिळाले म्हणायचे. फौजेत माणसे पाठवण्याची या जिल्ह्याची परंपरा जुनी. पहिल्या महायुद्धात अपशिंगे गावचे 46 जवान कामी आले आणि पुढे त्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणू लागले. अशा घरांत पोराने उशीर केला तर सुटीवर आलेले वडील त्याचे 'कोर्टमार्शल' करतात आणि 'रगडा लावतात'. शाळेतली छडी मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद झाली. मारण्यासोबत मानसिक छळालाही त्यात मनाई आहे. कानउघाडणी, कानपिचकी, कान टोचणे, कान उपटणे अशा कानाभोवती जमलेल्या मराठी शब्दांतले पहिले दोन त्यामुळे कदाचित चालतील, शेवटच्यावर गुरुजींना विचार करावा लागेल.

इंग्रजीतले चेस्टाइज, चेसन आणि कॅस्टिगेट हे तीन शब्द शुद्ध या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाले. शिक्षा म्हणजे माणसाला स्वच्छ करणे, ही कल्पना त्यांच्यामागे आहे. धुलाई, धुऊन काढणे, झाडणे, बिनपाण्याने हजामत करणे, हे सगळे मराठी प्रयोग त्याच घाटावरचे. गंभीर पातळीवर या कल्पनेचा मराठी शब्द प्रायश्चित्त. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी 1773 मध्ये झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना सांगितले ते देहांत प्रायश्चित्त, असे परंपरा सांगते. यातला शब्द महत्त्वाचा आहे. सत्ताधाऱ्याला शिक्षा देण्याचे बळ न्यायाधीशाकडे नव्हते. प्रायश्चित्त सांगण्याचा अधिकार मात्र शास्त्र्याकडे होता, आणि ते ज्याचे त्याने घ्यायचे असते. अर्थात राघोबांनी ते घेतले नाही.

मराठेशाहीच्या कागदांत पैशाच्या शिक्षेसाठी आणखी एक शब्द सापडतो, गुन्हेगारी. दावा हरणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम ती गुन्हेगारी, आणि जिंकणाऱ्याने आनंदाने म्हणून भरायची ती हरकी. दोघांकडूनही वसुली करणारी ही व्यवस्था सरकारच्या दृष्टीने फारच सोयीची होती. आज गुन्हेगारी म्हणजे गुन्हे करण्याची वृत्ती आणि हरकी कोशात पडून आहे. सजा हा फारसी शब्द योग्य किंवा लायक असा अर्थ सांगतो, म्हणजे ज्याचे त्याला मिळाले. अरबीतून आलेल्या ताकीदीचा अर्थ जोर देणे आणि तंबीचा अर्थ जागे करणे.

1848 साली सातारा संस्थान खालसा झाले आणि इंग्रजी कचेरीची भाषा जिल्हाभर पसरली. मेमो, शोकॉज, वॉर्निंग, सस्पेंड, डिसमिस हे शब्द आज तलाठ्यापासून कारखान्याच्या टाइमकीपरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. यांच्यात एकही हत्यार दिसत नाही, पण ते होते. सस्पेंड म्हणजे टांगणे. राज्यकारभाराच्या मराठीने त्यासाठी निलंबन हा शब्द घेतला, आणि त्यातल्या लंब धातूचा अर्थही लोंबणे. अर्ध्या पगारावर चौकशीची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची अवस्था दोन्ही शब्द बरोबर सांगतात. डिसमिस म्हणजे दूर पाठवणे, बडतर्फ म्हणजे बाजूला केलेला. रेप्रिमांड म्हणजे दाबून मागे सारणे. त्याला मराठी कचेरीत ठपका म्हणतात. मेमो हा मेमोरँडमचा तुकडा, अर्थ फक्त लक्षात ठेवायची गोष्ट. कुणी काय लक्षात ठेवायचे हे त्या शब्दात नाही, पण सेवापुस्तकात नोंद झाली की साहेब बदलून गेला तरी पुस्तक विसरत नाही. खरडपट्टी ऐकून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी चहा एकत्र होतो. मेमोचे तसे नाही.

हजेरी घेणे याचाही एक अर्थ खरडपट्टी काढणे असा आहे. या जिल्ह्यांत मात्र हजेरी ही वाक्प्रचाराबाहेरची, खरीखुरी शिक्षा होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदलेल्या जमातींतल्या माणसांना गुन्हा न करता, केवळ जन्माच्या कारणाने हजेरी द्यावी लागे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 च्या 'फकिरा' कादंबरीत या हजेरीचे आणि तिने माणसाच्या मानेवर आणलेल्या ओझ्याचे चित्रण आहे. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. इंग्रजीत या हजेरीला रोलकॉल म्हणत. शाळेच्या पटावरच्या त्याच साध्या शब्दाने.

शिक्षेच्या शब्दांत एका माणसाचे आडनावही जाऊन बसले आहे. 1880 साली आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी कुळांना बाहेर काढू लागला, तेव्हा मजुरांनी त्याचे पीक कापायचे नाकारले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. काही महिन्यांत त्याचे आडनाव क्रियापद झाले. स्वदेशीच्या काळात ते मराठी वर्तमानपत्रांत बहिष्कार म्हणून आले, पण गावाला ती गोष्ट नवी नव्हती. न्हावी हजामत करणार नाही, सुतार नांगर भरून देणार नाही, पाणी-विस्तव बंद, रोटी-बेटी बंद, याला वाळीत टाकणे म्हणत. फरक दिशेचा आहे. आयर्लंडमध्ये कुळांनी वरच्या माणसाला वाळीत टाकले. इथे बहुतेक वेळा जातीने किंवा गावाने एखाद्या एकट्या कुटुंबाला टाकले, अनेकदा जातीबाहेर लग्न केले म्हणून. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती जातपंचायतींच्या या शिक्षेविरुद्ध उभी राहिली. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा, आणि तो जुलै 2017 पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. कायद्याच्या इंग्रजी नावात अजून कॅप्टन बॉयकॉट बसलेला आहे, मराठी नावात बहिष्कार आहे, आणि तक्रार घेऊन येणारा माणूस पोलीस ठाण्यात सांगतो ते एवढेच, 'आमाला वाळीत टाकलंय.'